पहाटे विचारतात, "पडदे ओढले का?" दीपस्तंभावर लहानपण गेलेलं कुणी आहे का इथे?

मृणाल_कारेलीबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर घरात कुणाकडेच नाही, म्हणून इथे विचारते.

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, फार जुनं मात्र आपोआप बोलतात. डॉक्टर आणि औषधं चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. त्यांचे वडील दीपस्तंभावर नोकरीला होते आणि लहानपणी काही वर्षं सगळं कुटुंब एका बेटावर राहत होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. कुठलं बेट, ते माझ्या सासऱ्यांनाही नक्की माहीत नव्हतं आणि आता तेही नाहीत. लग्न होऊन सासूबाई बडोद्याला आल्या आणि पुरत्या बडोदेकर झाल्या. खंडेराव मार्केटची भाजी, विठ्ठलमंदिरातलं भजन, दुपारची सुरसागरवरची मैत्रीण. समुद्राचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

आता रोज उजाडायच्या सुमाराला उठून बसतात आणि विचारतात, "पडदे ओढले का?" मी खिडकीचे पडदे ओढून दाखवते, तर वैतागतात, "हे नव्हेत गं, वरचे." रात्री मध्येच जाग आली की, "चावी दिली का? वजन खाली आलं असेल." आम्ही घराची चावी हातात दिली तर ती बाजूला ठेवून देतात. दुपारी कुणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट, "हळू, बाबा निजलेत." परवा नातू शर्ट घालून जवळ बसला तर म्हणाल्या, "बटणं झाक, भिंगाला लागतील." मधूनच "दगड वाजवायला जाऊ", "वेताळाला नारळ राहिला" असंही येतं.

माझा नवरा म्हणतो, भ्रम आहे, लक्ष देऊ नकोस. मला ते पटत नाही. इतक्या काळजीनं माणूस विचारतं ते काहीतरी खरं काम असणार. कुणाला काही उलगडा होतो का?

अभय_रावपुरा

मृणालताई, माझे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत ओखा बंदरावर होते. ओखामंडळ संस्थानातच होतं आणि ते बंदर 1926 साली सुरू झालं, त्या वेळचे बरेच मराठी कारकून तिकडे गेले होते. पण आजोबा बंदराच्या कचेरीत, बत्तीवर नव्हते, त्यामुळे पडद्यांचं मला काही सांगता येणार नाही. "चावी" घड्याळाची असावी असा अंदाज. इथे पिरमकर नावानं एक काकू लिहितात, त्यांचं लहानपण बेटावर गेलंय. त्यांना निरोप पाठवतो.

पिरमकर

अभय, निरोप मिळाला. मृणाल, मी सत्तरी ओलांडलेली, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या सासूबाई बोलतात त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. वाचताना माझे डोळे भरून आले, कारण ही सगळी वाक्यं आमच्या घरातली आहेत. माझे वडील मूळचे रत्नागिरीकडचे, दीपस्तंभ खात्यात. बदल्या होत होत आम्ही खंभातच्या आखातात पिरम बेटावर आलो, घोघ्याच्या खालच्या अंगाला. तेव्हा गुजरात वेगळा झाला नव्हता.

आधी पडद्यांचं सांगते. दिवादांडीच्या माथ्यावर काचेची खोली असते आणि तिच्यात दिव्याभोवती भिंगांचं कडं, एखाद्या काचेच्या मखरासारखं. मधे फुगीर भिंग आणि त्याच्या वरखाली तिरप्या लोलकांच्या रांगा. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दोनशे वर्षांपूर्वी ही रचना काढली. आतल्या दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड गोळा करून ती सरळ समुद्रावर फेकते. पण भिंगाला काय, ते दोन्ही बाजूंनी काम करतं. सूर्य वर आला की त्याचंही ऊन हे भिंग आत ओढून नेमकं दिव्यावर आणून टाकतं. आपण लहानपणी भिंगानं कागद जाळतो, तेच इथे माणसापेक्षा उंच भिंगानं. दिव्याची जाळी जळेल, बर्नर खराब होईल, आग लागेल. म्हणून उजाडलं, दिवा विझवला, की सूर्य वर यायच्या आत काचेच्या खोलीला आतून चारी बाजूंनी पडदे ओढायचे. जाड, पांढरट कापडाचे, कड्यांवर सरकणारे. सासूबाई "वरचे" म्हणतात ते हे पडदे. आमची आई चुलीपाशी बसल्या बसल्या वर हाक मारून विचारायची, "ओढले का हो?" आणि वरून बाबांचं "ओढले" ऐकू आलं की मगच आमचा चहा उकळायचा.

चावीचंही तसंच. प्रत्येक बत्तीची खूण वेगळी असते. अमुक इतक्या सेकंदांत एक झोत, किंवा दोन झोत आणि मग अंधार. जहाजावरचा माणूस हातात घड्याळ धरून झोत मोजतो, नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. झोत फिरतो तो भिंगाचं अख्खं कडं फिरतं म्हणून. आणि आमच्या वेळी ते विजेवर फिरत नसे. बुरुजाच्या मधल्या पोकळीत जाड तारेला वजन टांगलेलं असायचं. ते हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीनं दातेरी चाकं फिरायची, भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळात असतं तसंच यंत्र, फक्त खूप मोठं. वजन तळाला पोचायच्या आत हँडल फिरवून परत वर घ्यायचं, याला आम्ही चावी देणं म्हणायचो. रात्रभर, दर काही तासांनी. एकदा विसरलं की कडं थांबणार, झोत एकाच दिशेला रोखून राहणार आणि समुद्रावरच्या माणसाला ती दुसरीच कुठली तरी बत्ती वाटणार. आमच्या आखातात तर पाण्याखाली वाळूचे लांबच लांब दांडे आहेत, मलाका बँक म्हणतात त्यांना, आणि प्रवाह असा की होडी बघता बघता भलतीकडे जाते. म्हणून पाळी कुणाचीही असो, घरातली बायकामुलंसुद्धा झोपेत कान देऊन असत. बाबा आजारी असले की आई विचारायची आणि आई थकली असली की मी. तुझ्या सासूबाई या वयात मध्यरात्री उठून तेच विचारतायत, यात भ्रम कसला? ती माणसं जहाजांची जबाबदारी डोक्यावर घेऊन झोपायची.

शेकडो किलोचं ते कडं एवढ्याशा वजनानं कसं फिरायचं? तर ते पाऱ्यावर तरंगत असे. खाली गोल चर, त्यात पारा, आणि त्यावर सगळं ओझं. बाबांनी एकदा मला जवळ घेऊन एका बोटानं ढकलायला लावलं होतं आणि ते खरंच सरकलं. पण पाऱ्याला हात लावायचा नाही, सांडलेला दिसला तर शिवायचं नाही, लगेच सांगायचं, हा कडक नियम होता. त्याची वाफ किती वाईट हे आता सगळ्यांना कळतं.

दुपारी "बाबा निजलेत" कारण रात्री दिव्यावर पाळी. दिवा रॉकेलचा, पंप मारून दाबानं रॉकेल वर चढवायचं, स्पिरिटनं बर्नर तापवायचा, मग त्याची वाफ होऊन पेट्रोमॅक्ससारख्या जाळीत पेटायची. तो सारखा बघावा लागतो. जाळी फुटते, दाब उतरतो, काजळी धरते. त्यामुळे रात्रभर एकजण वर असायचाच आणि सगळं वहीत वेळेसकट लिहायचं. आम्ही मुलं दिवसा कुजबुजत मोठी झालो. शाळेसाठी मला दांडियाबाजारात मावशीकडे ठेवलं तेव्हा बाई सारख्या म्हणायच्या, मोठ्यानं वाच. मला मोठ्यानं वाचताच येत नसे, दुपारी मोठा आवाज म्हणजे माझ्या लेखी अपराध.

आणि बटणं. भिंग पुसताना अंगावर सुती एप्रन बांधायचा, हातातली अंगठी काढायची, बटणं झाकायची. लोलकावर चरा पडला तर तो कायमचा, आणि तेवढा उजेड वाया. आधी धूळ झटकायची, मग स्पिरिट, मग मऊ चामड्यानं कोरडं करायचं. पितळ ब्रासोनं घासायचं काम आम्हा मुलांकडे. सासूबाईंना भिंगाजवळ जायची परवानगी होती असं दिसतं, म्हणजे वडिलांचा त्यांच्यावर भरवसा असणार. हे तुझ्या नवऱ्याला मुद्दाम सांग.

विषय निघालाय तर पिरमचं थोडं लिहिते, फार दिवसांत कुणी विचारलं नाही. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या वर जातो, तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पाणी निळं नसतं, चहासारखं गढूळ. ओहोटीला बेटाभोवती नुसता चिखल आणि खडक, होडी लागणार ती भरतीच्या हिशेबानं, मग रात्रीचे दोन वाजोत की भर दुपार. घोघ्याचे खलाशी मोखडाजी गोहिलांचं नाव घेतल्याशिवाय बेटावरून पुढे जात नसत. चौदाव्या शतकात तुघलकाच्या फौजेशी लढले ते मोखडाजी, डोकं घोघ्याला पडलं आणि धड लढत पुढे गेलं अशी गोष्ट तिथे लहान पोरही सांगतं. त्यांच्या जुन्या कोटाच्या पडक्या भिंतींत आम्ही लपंडाव खेळायचो.

दुसरा खेळ हाडं शोधण्याचा. ओहोटी झाली की खडकात अडकलेली दगड झालेली हाडं उघडी पडायची. जाडजूड दातांचे तुकडे, सांधे. आम्हाला ती राक्षसाची वाटायची. पुढे कॉलेजात कळलं की लाखो वर्षांपूर्वीच्या एका शिंगवाल्या, जिराफाच्या कुळातल्या जनावराला ब्रह्मथेरियम पेरिमेन्स हे नाव 1845 साली पिरममुळेच मिळालं. तुकडा उचलून घरी आणला की बाबा परत ठेवायला लावायचे. म्हणायचे, आपण इथे बदलीवर आलोय, ही हाडं इथली आहेत.

पक्ष्यांचं आठवलं की अजून वाईट वाटतं. हिवाळ्यात लांबून येणारे पक्षी रात्री उजेडाला भुलून काचेवर आपटायचे. सकाळी गॅलरीत पडलेले असत. जिवंत असलेल्याला आई टोपलीखाली ठेवून पाणी पाजायची. काही उडून जायचे.

आता तुला काय करायचं ते सांगते. खिडकीचे पडदे दाखवू नकोस आणि "आई, तुम्ही बडोद्यात आहात" असंही समजावू नकोस. पहाटे विचारलं की सरळ सांग, "ओढले, चारी बाजूंचे." रात्री विचारलं की, "चावी दिली, वजन वर आहे." आम्हाला याच शब्दांत उत्तर मिळायचं. खोटं बोलतेय असं मनात आणू नकोस. ते काम तेव्हा रोज झालेलं होतं, त्यांच्या बाबांनी ते एकदाही चुकवलं नसेल.

दगड आणि वेताळ मात्र आमच्याकडे नव्हते. ते कुठलं बेट, ते कोकणातल्या कुणी सांगावं.

थळचा_मुलगा

काकू, मी सांगतो. नोकरीसाठी मकरपुऱ्याला राहतो, पण गाव थळ, अलिबागजवळ. वाजणारा दगड आणि वेताळ दोन्ही एकत्र म्हणजे खांदेरी. दुसरं कुठलंच बेट नाही.

आमच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही जोडी समोर दिसते. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे आणि आम्हा कोळ्यांचं ते फार मोठं श्रद्धास्थान. नवस फेडायला होड्या भरून लोक जातात. बेटावर एक मोठा खडक आहे, त्यावर दुसऱ्या दगडानं ठोकलं की भांड्यावर ठोकल्यासारखा धातूचा नाद येतो. तिथे गेलेला प्रत्येक पोरगा तो वाजवल्याशिवाय परत येत नाही, त्यामुळे आजींचं "दगड वाजवायला जाऊ" मला वाचल्याबरोबर कळलं.

दीपस्तंभ 1867 सालचा, चौकोनी इमारतीच्या डोक्यावर आठ कोनांचा बुरूज. किल्ला त्याच्याही आधीचा. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तो बांधायला घेतला, मुंबईच्या तोंडावरच असल्यामुळे इंग्रजांनी जहाजं पाठवली, तरी मायनाक भंडाऱ्यांनी काम थांबू दिलं नाही. मग सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली. 1998 पासून खांदेरीला कान्होजी आंग्रे बेट असं नाव आहे आणि 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत खांदेरी आहे. हे आजींना नक्की सांगा. तटावर अजून तोफा आहेत, त्यांतल्या काही चाकांच्या गाड्यावर. त्यांनी त्या तोफांवर बसून खेळलं असणार, लहान मुलं दुसरं काय करणार तिथे.

मृणाल_कारेलीबाग

काय लिहू कळत नाही. काकू, तुमचं सगळं लिहिणं नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण नंतर स्वतः आईपाशी जाऊन बसला आणि "खांदेरी" एवढा एकच शब्द उच्चारला. त्या लगेच म्हणाल्या, "पावसाळ्यात होडी नाही हं." मग वालाचं काहीतरी बोलत होत्या, "वाल संपले तर काय", असं. आणि "बाळंतपणाला आईला आधीच नेलं" असंही. त्यांना एक लहान भाऊ होता हे आम्हाला माहीत आहे, त्याच्याबद्दलचं असेल. वालाचं काय ते समजलं नाही.

अजून एक. आम्ही त्यांना थळपर्यंत तरी न्यावं का? प्रवास झेपेल असं डॉक्टर म्हणतात, बेटावर अर्थातच नाही.

थळचा_मुलगा

न्या. पण पावसाळा पूर्ण सरल्यावर न्या, दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते आणि दोन्ही बेटं किनाऱ्यावरून डोळ्यांना सरळ दिसतात. संध्याकाळ धरून जा, म्हणजे अंधार पडल्यावर बत्ती लागलेली दिसेल. वाळूत चालायला त्रास होईल, गाडी जिथपर्यंत जाते तिथेच खुर्ची टाकून बसवा. आमचं घर किनाऱ्याला लागून आहे, आईला सांगून ठेवतो. मला खाजगी निरोपात तारीख कळवा.

पिरमकर

वालाचं मी सांगते. कोकणात मिरगाच्या सुमाराला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, त्या नारळी पौर्णिमेलाच पाण्यात जातात. मधल्या काळात बेटावर जे असेल ते. त्यामुळे मे महिन्यात सगळं भरून घ्यायचं. तांदूळ, डाळी, वाल, पावटे, कुळीथ, चिंच, आमसुलं, सुकी मासळी, मीठ, रॉकेल, काड्यापेट्या. काड्यापेट्या तर डब्यात घालून मेण लावून ठेवायच्या, हवेत इतका दमट खारेपणा. भाजी म्हणजे वाल भिजवून मोड काढले की त्या दिवशीची बिरडं-उसळ. म्हणून तर वाल किती उरले यावर आईचा डोळा असे. आमच्या पिरमला पावसात होडी अगदीच बंद नसे, पण भरवसा नव्हता, म्हणून आईनं कोकणातली तीच रीत तिथेही चालू ठेवली होती. तू डाळिंब्या सोलून बिरडं कर एकदा, नारळ आणि आमसूल घालून, गूळ अगदी बेताचा. इकडच्या सवयीनं गोड करू नकोस. त्या जेवताना अजून काही बोलतील.

बाळंतपणाचंही खरं असणार. दिवस पावसाळ्यात भरणार असतील तर बाईला होड्या बंद व्हायच्या आधीच किनाऱ्यावर नेऊन ठेवायचे. मग मोठ्या मुलीवर घर पडायचं. त्या किती वर्षांच्या असतील तेव्हा? स्वयंपाक, लहान भावंडं, वर वडिलांना चहा, त्या अरुंद गोल जिन्यानं. तुझ्या सासूबाईंना "चावी दिली का" विचारायची सवय बहुधा त्याच पावसाळ्यात लागली. त्यांना विचार की तेव्हा वर चहा कोण नेत असे. पण एका वेळी एकच प्रश्न विचार आणि उत्तराला भरपूर वेळ दे. फोनवर रेकॉर्ड करून ठेव, शब्द विसरायला होतात.

थळला जायचं ठरलं तर गाडीत मला जागा आहे का बघ. मीही वालच खाऊन वाढलेय. त्याआधी एखाद्या दुपारी मी तुमच्याकडे येईन, मांजलपूरहून रिक्षानं फार वेळ लागत नाही. तीननंतर येते, म्हणजे त्यांची झोप झालेली असेल. येताना माझ्याकडे बाबांच्या भिंग पुसायच्या चामड्याचा तुकडा आहे, तो आणेन. त्यांच्या हातात देऊन बघू काय करतात.